मदत हवी आहे: जुन्या टीव्हीला डिजिटल बॉक्स जोडला, निम्मे चॅनेल गायब

आत्याकडे पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आहे, अँटेना गच्चीवर. केबल नाही, डिश नाही. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद होणार म्हणून कन्व्हर्टर बॉक्स (डिजिटल सिग्नल जुन्या टीव्हीला चालेल असा करून देणारा) आणून दिला. टीव्हीला मागे पिवळी-पांढरी भोकं नाहीतच, त्यामुळे बॉक्सची वायर अँटेनाच्या सॉकेटमध्येच घातली आणि टीव्ही ३ नंबरवर ठेवला. चालू झाला!

पण ज्या चॅनेलवर आधी नुसत्या मुंग्या यायच्या तिथे आता सरळ ‘सिग्नल नाही’. एक चॅनेल वारा सुटला की चौकोन-चौकोन होऊन थिजतो. आत्या म्हणते, "मुंग्या बऱ्या होत्या रे, आवाज तरी यायचा."

दुकानदार ‘डिजिटल अँटेना’ घ्या म्हणतोय. खरंच लागतो का? शिवाय आत्या व्हीसीआरवर एक मालिका रेकॉर्डला लावून दुसरी बघायची, त्याचं काय? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

डिजिटल अँटेना असं काही नसतं हो. अँटेनाला फक्त लहरी कळतात. बघायचं ते यूएचएफ की व्हीएचएफ, म्हणजे चॅनेल लहरींच्या कुठल्या पट्ट्यात येतात ते. आत्ताच यूएचएफवाला घेऊन बसू नका. अमेरिकेत १२ जून २००९ ला अ‍ॅनालॉग बंद झालं, त्याच दिवशी काही केंद्रं यूएचएफ सोडून व्हीएचएफवर गेली आणि शिकागो, फिलाडेल्फियात लोकांचे चॅनेल गेले. म्हणून बदलाच्या दिवशी बॉक्सवर नव्याने स्कॅन (चॅनेलचा शोध) करायचाच.

आधी वायर तपासा. गंजलेली पिन, मधेच लावलेला स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा), हलणारा खांब. अ‍ॅनालॉग हे सगळं मुंग्यांवर निभावून न्यायचं, डिजिटल एका पातळीखाली चित्रच सोडून देतं. मेनूत सिग्नलची पट्टी असेल, ती लावून एकाने गच्चीवर अँटेना बोटभर फिरवायचा आणि थांबायचं. बॉक्सला चित्र धरायला काही सेकंद लागतात. भराभर फिरवाल तर बरोबर जागा हातची जाईल.

व्हीसीआरचा ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग, अ‍ॅनालॉग. बॉक्स त्याच्या आधी जोडा, बॉक्सवर असेल तेच रेकॉर्ड होईल. दोन मालिकांना दोन बॉक्स.

धागाकर्ता

स्प्लिटर सापडला! दुसऱ्या खोलीतला टीव्ही कधीच भंगारात गेला, ती वायर मात्र अजून जोडलेली. काढल्यावर स्कॅन केला, दोन चॅनेल परत आले. वाऱ्यातला अजून थिजतोय, रविवारी खांब आवळतो. दुसऱ्या बॉक्सचं आत्याला अजून सांगितलेलं नाही.