प्रतिसाद: स्वाक्षरी असली म्हणजे अ‍ॅप्लेट सुरक्षित, असे नाही

‘डिजिटल स्वाक्षरी असलेल्या जावा अ‍ॅप्लेटची भीती नाही’ असे वर म्हटले आहे, ते मला पटत नाही. अ‍ॅप्लेट म्हणजे वेबपानाबरोबर येऊन ब्राउझरमध्ये चालणारा, जावा या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम. स्वाक्षरीवरून अ‍ॅप्लेट कोणाचे आहे एवढेच कळते, ते काय करील हे कळत नाही. उलट विनास्वाक्षरी अ‍ॅप्लेट निदान सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी संगणकाला हात लावू न देणाऱ्या बंदिस्त जागेत, कोंडलेले असे. स्वाक्षरीच्या अ‍ॅप्लेटला आपण ‘रन’ म्हटले की आपल्या फायली वाचण्यापर्यंत मोकळीक मिळू शके. आणि तो सँडबॉक्सही जानेवारी २०१३ मध्ये जावा ७ मधील त्रुटीमुळे असा फुटला, की अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने ब्राउझरमधील जावा बंदच करण्याचा सल्ला दिला.

इथे नागपुरात, सीताबर्डीतील एका परिचित कंत्राटदारांचा संगणक मी नुकताच पाहिला. ई-निविदेवर सही करण्यासाठी त्यांनी जुने जावा ८ आणि इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवले होते, आणि जावाच्या अपवाद-यादीत (ज्या संकेतस्थळांना सुरक्षेच्या अडवणुकीतून सूट दिली आहे त्यांच्या यादीत) अकरा पत्ते होते, त्यांतले चार साध्या ‘एचटीटीपी’चे, म्हणजे वाटेत कोणीही मजकूर बदलू शकेल असे. बँकेचे व्यवहारही त्याच संगणकावरून! क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावाचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरमध्ये अ‍ॅप्लेट चालवणारा जोडभाग, नाकारले; म्हणून ज्यांना जुने अ‍ॅप्लेट टाळताच येत नाही त्यांनी त्यासाठी वेगळा संगणक ठेवावा आणि सही होताच यूएसबी टोकन (डिजिटल सहीची किल्ली ठेवलेले छोटे उपकरण) काढून घ्यावे.