'मिसनॉमर'ला मराठीत काय म्हणावे?

सारंगा: हुकूमनाम्यावरच्या (दिवाणी न्यायालयाच्या डिक्रीवरच्या) मजकुराचे भाषांतर सुरू आहे. 'मिसनॉमर'ला मी 'नावातील चूक' लिहिले होते, तपासणाऱ्यांनी 'चुकीचा पक्षकार' केले. चालेल का?

लेखणी: अजिबात नाही. खऱ्या प्रतिवादीलाच समन्स बजावले, पण 'बाळकृष्ण'ऐवजी 'बाळासाहेब' पडले, तर ती नावातील चूक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली असा लेखनप्रमाद कधीही दुरुस्त होतो. भलत्याच माणसावर दावा लावला असेल, तर तो चुकीचा पक्षकार. निकालानंतर दुरुस्तीच्या नावाखाली तिसऱ्याला हुकूमनाम्यात ओढता येत नाही.

दप्तरी: 'लेखनप्रमाद' कशाला? 'हस्तदोष' म्हटले की सगळ्यांना कळते. आणि शब्दापेक्षा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, कुठे अडते ते पाहा. त्याच संहितेच्या आदेश 21 नियम 11 प्रमाणे दरखास्तीत दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावे, हुकूमनाम्याची तारीख द्यावी लागते. ही नावे हुकूमनाम्याबरहुकूमच हवीत. तिथे परस्पर सुधारून लिहिले की आक्षेप आलाच, कारण दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाला हुकूमनाम्यापलीकडे जाता येत नाही. आधी हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयात दुरुस्ती, मग नवी नक्कल, मग दरखास्त. दरखास्तीची मुदत 12 वर्षांची. दुरुस्तीमुळे ती नव्याने सुरू होते असे धरून चालू नका.

सारंगा: म्हणजे 'नामदोष' चालेल?

मोडीप्रेमी: 'नामदोष' पत्रिकेतला वाटतो. दावा लावतानाच 'ऊर्फ' घालून दोन्ही नावे दिली तर हा प्रश्नच उरत नाही. सातबाऱ्यावर एक नाव, बँकेत दुसरे, अशा वेळी जप्ती तिथेच अडते. मूळ अरबी 'उर्फ', म्हणजे ओळखीचे, रूढ.

लेखणी: मूळ ऱ्हस्व आहे, मग मराठीत दीर्घ का?

मोडीप्रेमी: मराठीत दीर्घच रूढ आहे. रूढ तेच शुद्ध.

दप्तरी: ऱ्हस्व-दीर्घाने जप्ती थांबत नाही, माणूस तोच आहे हे पटले म्हणजे झाले. दुकानाच्या नावाचे बघा. एकटा मालक असेल तर आदेश 30 नियम 10 खाली दुकानाच्या नावाविरुद्ध दावा चालतो. भागीदारी पेढी असेल तर पेढीच्या मालमत्तेवर हुकूमनामा थेट चालतो. पण ज्या भागीदाराला समन्सच बजावले नाही, त्याच्या खासगी मालमत्तेसाठी आदेश 21 नियम 50 खाली न्यायालयाची परवानगी लागते.

लेखणी: 'पेढी' म्हणजे सावकाराची. इथे 'फर्म'च लिहा.

मोडीप्रेमी: भागीदारीला 'पेढी' म्हणतातच की!