मदत हवी आहे : सायकलचा मागचा डिस्क ब्रेक भल्ला ओरडतो

राम राम मंडळी. पोराच्या सायकलला केबलवाले डिस्क ब्रेक आहेत, डिस्क 160 मिमीची. शाळा आर्वीला, आम्ही खेड्यात, रस्ता म्हणाल तर अर्धा मुरूम. मागचा ब्रेक दाबला की असा किंचाळतो, की बांधावरची जनावरं मान वर करतात. पुढचा गप आहे.

चाक उचलून फिरवलं तर डिस्क कुठंच घासत नाही, म्हणजे वाकली नसावी. आवाज फक्त दाबल्यावर, अन् ब्रेक लागतोही कमी. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड काढले तर जाडी भरपूर. पण तोंड चकचकीत झालेलं अन् एका कोपऱ्यात काळपट ओलसर डाग. गावातल्या मेकॅनिकनं चेनला स्प्रे मारला, तेव्हापासून हे सुरू. त्यामुळं माझा संशय तेलावरच.

आता विचारायचं असं, की डिस्क पुसायला मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालते का? आयसोप्रोपिल अल्कोहोल इकडं मिळत नाही, अन् सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते म्हणून ते नकोच. पॅड पॉलिश पेपरनं घासून वाचतील, की आत तेल मुरलं असेल तर फेकलेलेच बरे? डिस्क दोन्ही पॅडच्या मधोमध यावी म्हणून कॅलिपरचे (पॅड ज्यात बसतात तो भाग) दोन बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून परत आवळायचे म्हणतात; पण माझ्यात एकच पॅड सरकतो, दुसरा जागेवर. मग तो आधी किती जवळ घ्यायचा?

कापूस विकला की नागपूरला चक्कर आहेच. नवे पॅड घ्यायचे तर आकार जुळायला जुना सोबत नेतो. रेझिनचे घेऊ की मेटलचे, तेवढं सांगा.