'फॉलआउट'ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धाकप: पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने केलेल्या अणुचाचण्यांवरचा एक लेख मराठीत करतोय आणि 'फॉलआउट' (अणुस्फोटानंतर आकाशातून खाली पडणारे किरणोत्सारी कण) या शब्दापाशी गाडी अडलीये. एकाने 'अवपात' सुचवला, पण तो वाचला की हवामान खात्याचा अंदाज ऐकल्यासारखं वाटतं. 'किरणोत्सारी धूळ' चालेल का?

शब्दखोर: धूळ म्हटलं की झटकली की गेली असं वाटतं राव. मी 'राख' घेईन. १ मार्च १९५४ ला तिथल्या बिकिनी बेटावर ब्राव्हो नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला, अंदाज साधारण ६ मेगाटनचा होता आणि निघाला १५ चा, कारण त्याच्या इंधनातलं लिथियम-७ काही करणार नाही असं धरून चालले होते आणि नेमकं त्यानेच जोर लावला. खालच्या प्रवाळाचा भुगा होऊन वर गेला तो जवळच्या रोंगेलाप बेटावर पांढरा पांढरा पडला, पोरं त्यात खेळली, आणि लोकांना तिथून हलवलं दोन दिवसांनी! त्याच भागात लकी ड्रॅगन नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर २३ जण होते, त्यातले कुबोयामा सप्टेंबरात गेले. जपानीत त्या भुग्याला 'शि नो हाइ' म्हणतात, म्हणजे मरणाची राख.

मालवणी_मीठ: राख मस्त आहे पण अर्धीच गोष्ट सांगते. पडली तेव्हाची. मार्शली लोक याला 'बाइजिन' म्हणतात, इंग्रजी पॉयझनवरूनच आलेला शब्द, आणि तो जमिनीला, माशांना, खाण्यापिण्याला सगळ्याला लावतात. बरोबरच आहे ते. बिकिनीच्या लोकांना १९४६ मध्ये 'मानवजातीच्या भल्यासाठी' म्हणून उठवलं, सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परत आली, १९७८ ला पुन्हा उठवलं, कारण अंगात किरणोत्सारी सीझियम-१३७ वाढत होतं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, त्यामुळे माड त्याच्या जागी सीझियम ओढून घेतो आणि ते थेट नारळात. आमच्याकडे माडाचं काय स्थान आहे ते सांगायला नको, तिथेही तेच. आता नारळच खायचा नाही म्हटल्यावर त्या बेटावर राहून करायचं काय?

अर्धाकप: मग सरळ 'विष' लिहू?

मालवणी_मीठ: सगळीकडे नको. आकाशातून पडतं तिथे 'किरणोत्सारी राख', आणि लोक बोलतायत किंवा माती-नारळाचा विषय आहे तिथे 'विष'.

शब्दखोर: पटलं. पण मार्शलमधल्याच एनेवेटाक बेटांवरच्या रुनिट घुमटासाठी दोन्ही नको. तिथे १९५८ च्या एका स्फोटाच्या खड्ड्यात दूषित माती आणि मोडतोड भरून वरून काँक्रीटचं झाकण घातलंय, खाली अस्तर काहीच नाही. त्याला साधं 'दूषित माती'च म्हण, प्लुटोनियम आहे हे वाक्यात सांग. आणि ॲटॉलला, म्हणजे प्रवाळाच्या गोल कड्यासारख्या बेटाला, 'कंकणद्वीप' वापर की, इतका सुंदर शब्द पडून आहे.

नुसतीवाचक: मधेच विचारते, तो फॉलआउट की ते फॉलआउट?

शब्दखोर: तो. पण राख घेतली की भांडणच मिटलं.