गावाच्या सामायिक माळावर फळझाडे: उन्हाळ्यात ती जगवायची कशी?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे):
मुरबाड तालुक्यातील आमच्या मूळ गावी, ग्रामपंचायतीच्या ताब्यातील दोन एकर मुरमाड माळावर सर्वांसाठी फळबाग उभी करावी, अशी ठाण्यात राहणाऱ्या आम्हा काही कुटुंबांची मनापासून इच्छा आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही आंब्याची ६० कलमे लावली होती. त्यांतील बहुतेक दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली आणि उरलेली शेळ्यांनी खाल्ली. वर्गणी जमेल, परंतु पुन्हा तीच चूक होऊ नये. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर (शहापूर):
आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर भरपूर पडतो आणि पुढचे आठ महिने माळ कोरडा राहतो, म्हणून पहिली तीन वर्षे जेवढ्या झाडांना हाताने पाणी देता येईल, तेवढीच झाडे लावावीत. १० मीटर अंतराने एकरी ४० आंबे बसतात, तरी आपण पहिल्या वर्षी २५ वरच थांबा. पिशवीतल्या रोपाचे मूळ वेटोळे घेते. त्याऐवजी एक मीटरच्या खड्ड्यात रायवळ आंब्याची कोय थेट रुजवली, तर सोटमूळ सरळ खाली जाते, आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर त्याच जागी कोवळ्या फुटीवर केशर आंब्याची काडी भरता येते, म्हणजे कलम करता येते. फळ थोडे उशिरा मिळते, पण झाड तग धरते. खोडाशेजारी मातीचे मडके पुरून ते आठवड्यातून दोनदा भरावे व बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा. कडेने करवंद आणि सागरगोटा लावल्यास काटेरी कुंपण तयार होते. मात्र फेब्रुवारीपूर्वी भोवतालचे गवत कापून जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून मोकळा पट्टा) काढायला विसरू नका, कारण एका वणव्यात सारे श्रम जातात.

उत्तर (नेरूळ):
पाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न फळांच्या मालकीचा आहे. आमच्या गावी झाडे उत्तम वाढली, परंतु पहिला बहर येताच लिलाव करावा की घरोघरी वाटावे, यावरून दोन वाड्यांत अबोला धरला गेला, आणि त्यानंतर पाणी घालायला कोणीही आले नाही. म्हणून खड्डे खणण्यापूर्वीच ग्रामसभेत ठराव करून घ्या, आणि मडकी भरणाऱ्या गावातल्या माणसाला उन्हाळाभर मजुरी द्या. शहरातून रविवारी जाणाऱ्यांच्या भरवशावर बाग जगत नाही, हे मी स्वतः रविवारी जाणारा म्हणून सांगतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. ग्रामसभेचा विषय आम्ही गृहीतच धरला होता. तो आधी मांडतो. कोयी आताच जमवून ठेवाव्यात का?

उत्तर (शहापूर):
साठवू नका. वाळलेली कोय रुजत नाही; पिकलेल्या फळातून काढल्यावर आठवडाभरात ती मातीत गेली पाहिजे.