सिस्को स्विचवरचं डीटीपी सरसकट बंद करावं का?

फोंडेकर
कळंगुटच्या एका हॉटेलचं नेटवर्क माझ्याकडे आलंय. सिस्कोचे २९६० स्विच, खोल्यांतले पोर्ट डब्यातून निघाले तसेच, म्हणजे डायनॅमिक ऑटोवर: समोरच्याने डीटीपीने (डायनॅमिक ट्रंकिंग प्रोटोकॉल, पोर्टनी आपसांत ट्रंक ठरवायची बोली) मागितलं की ट्रंक, नाहीतर ॲक्सेस, म्हणजे एकाच व्हीलॅनचा पोर्ट. एखाद्या पाहुण्याने लॅपटॉपवर येर्सिनिया (डीटीपीच्या खोट्या फ्रेम पाठवणारं हल्ल्याचं टूल) चालवलं की तो पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारी लिंक होणार, आणि बिलिंग, सीसीटीव्ही सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी केलेली नेटवर्कं) त्याच्या पुढ्यात. माझं मत: खोल्यांना ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’, स्विचमधल्या लिंकना ‘मोड ट्रंक’ आणि सगळीकडे ‘नॉननिगोशिएट’, म्हणजे डीटीपी बोलणंच बंद.

केबलवाला_म्हापसा
खोल्यांचं मान्य. अपलिंकचं, म्हणजे स्विचमधल्या लिंकचं, नाही. सीझनमध्ये सगळ्यांना काम कालच हवं असतं. एका रेस्टॉरंटात कुणीतरी एकाच बाजूला ट्रंक आणि नॉननिगोशिएट मारून गेला, पलीकडचा स्विच ऑटोवर. त्याला डीटीपीची फ्रेमच मिळेना, तो ॲक्सेस राहिला. दिवा हिरवा, व्हीलॅन १ (मुळातला डीफॉल्ट) चालू, त्यामुळे स्विचला पिंग जातंय आणि बिलिंग मात्र मेलेलं! लोक अर्धी रात्र केबल बदलत बसले. डीटीपी चालू असतं तर ट्रंक आपोआप जुळला असता.

फोंडेकर
हा दोष बंद केल्याचा नव्हे, अर्धवट बंद केल्याचा. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ ही कमांड दोन्हीकडे बघितल्याशिवाय जागा सोडायचीच कशाला? आणि ‘आपोआप’ म्हणताय, तर दोन्ही टोकं ऑटोवर असली की ट्रंक होतच नाही, दोघेही समोरच्याची वाट बघत ॲक्सेसवर बसतात. व्हीटीपी (स्विचना व्हीलॅनची यादी वाटणारा प्रोटोकॉल) डोमेनची नावं वेगळी असली तरी बोलणी फिसकटतात.

रात्रपाळी_वेर्णा
आमच्या कारखान्यात दोन कंपन्यांचे स्विच आहेत, त्यामुळे हा वाद आपसूक मिटला. डीटीपी सिस्कोचं स्वतःचं, दुसऱ्याला ते कळत नाही. सिस्कोच्याच नेक्सस (डेटा सेंटरच्या) स्विचमध्येही ते नाही. आणि हो, आयपी फोनसाठी पोर्ट ट्रंक करणाऱ्यांनो, ॲक्सेस पोर्टवर ‘व्हॉइस व्हीलॅन’ दिला की भागतं.

केबलवाला_म्हापसा
मोठ्या कारखान्यात नोंदवही असते हो. इथे एक माणूस दहा हॉटेलं सांभाळतो, कुठला पोर्ट कुठे जातो ते त्याच्या डोक्यात. रॅकला कुलूप असेल तर अपलिंकवर डिझायरेबल (पोर्टने स्वतःहून ट्रंक मागायचा मोड) ठेवायला काय हरकत?

फोंडेकर
कुलूप आहे ना. किल्ली रिसेप्शनमागे खिळ्याला टांगलेली!

जुना_गडी
भांडा निवांत. पण चालू ट्रंकवर नवा व्हीलॅन देताना ‘ॲड’ विसरू नका. नुसतं ‘ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ लिहिलं की आधीची यादी पुसली जाते. पेडण्यात बसून काणकोणचा स्विच करत असाल तर मग गाडी काढा. त्यापेक्षा आधी ‘रीलोड इन १०’ टाकून ठेवावं. लाइन तुटली तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर उठतो.

केबलवाला_म्हापसा
आणि काम जमलं की ‘रीलोड कॅन्सल’. ते विसरलात तर भर जेवणाच्या वेळी सगळं बसेल.