घरच्या व्हिडिओचा रंग सुधारायचा म्हणजे निस्तं सॅच्युरेशन ओढायचं का?

संत्रावाला:
काल इथं एका भाऊनं लिहिलं, "घरच्या एचडी शूटिंगले टील-ऑरेंज लट लावा, सॅच्युरेशन वाढवा, काम फत्ते." (लट म्हणजे एका क्लिकवर लागणारा तयार रंगाचा साचा, टील-ऑरेंज म्हणजे निळसर-केशरी; सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा.) खाली सगळे "मस्त भाऊ, मस्त". मले रायवलं नाही म्हणून लिहून रायलो.

आपल्या इकडं भानगड कॅमेऱ्याची कमी आन् मांडवाची जास्त. मे महिन्यातलं दुपारचं ऊन लाल-पिवळ्या कापडातून खाली येते, सगळ्या पंगतीची तोंडं केशरी, आन् जिकडून कनात उघडी तिकडून निळसर उजेड. वरून ऑटो व्हाईट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवते ते) चालू, म्हणजे वाढप्याच्या मागं कॅमेरा फिरला की एकाच शॉटात रंग दोनदा बदलते. त्याच्यावर तुमचा लट ठोकला की वरणही गाजराच्या हलव्यासारखं दिसते.

आधी व्हाईट बॅलन्स करा. कोन्या आबाजीची पांढरी टोपी नाहीतर धोतर शोधा, एडिटिंगमधला ड्रॉपर (रंग टिपायचं टूल) त्याच्यावर टाका, स्कोपमध्ये (रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखात) लाल-हिरवा-निळा तिथं एका उंचीवर आले पायजे. मंग उजेड, मंग कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी. काऊन की आपली फाइल आठ बिटची, एका रंगाले २५६ पायऱ्या, वरून ४:२:० म्हणजे चार पिक्सेल मिळून रंगाची माहिती एकच. लय ओढलं की आभाळात पट्टे पडतात.

फोटोवाले भाऊ:
ते मीच लिहिलं होतं, नाव घेऊन बोलाचं ना. तुम्ही हौशी लोकं, एका क्लिपीवर रात्र काढान. मी सीझनमध्ये लगीन लावून आलो की दुसऱ्या दिवशी साक्षगंध असते, प्रत्येक शॉटात टोपी शोधत बसू का? गिऱ्हाईक घरच्या टीव्हीवर पाहते, तो टीव्ही आधीच 'व्हिव्हिड'वर असते. त्याले स्कोप नाही, नवरी गोरी पायजे.

वैदर्भी:
आलं का मूळ पोटातलं बाहेर! नवरी गोरी पाहिजे हे कोण ठरवतं? माझ्या लग्नाच्या व्हिडिओत मी भिंतीसारखी पांढरी दिसते, आणि भिंत खरंतर निळी होती, तीही पांढरी. मामाच्या फेट्याचा गुलाबी रंग पार उडाला, हळदीचा पिवळा दिसत नाही. मी सावळी आहे, नवऱ्यानं बघूनच होकार दिला होता. सासरी बायका व्हिडिओ बघतात, मग माझ्याकडे बघतात.

फोटोवाले भाऊ:
ताई, राग नका येऊ देऊ, पण तुमच्याच घरच्या कोनंतरी सांगतलं असन. आमच्याकडं नवरीची माय स्वतः येऊन सांगते, "जरा उजळ करजा." नाही केलं तर पैसे अडकवतात.

वैदर्भी:
म्हणजे आता दोष माझ्या आईचा. वा.

गावठी इंजिनिअर:
भांडा, पण मशीन काय दाखवते ते तरी पाहा. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, कातडीच्या रंगाची एक रेघ असते. माणूस गोरा असो की काळा, चेहरा त्याच रेघेच्या आसपास पडते, फरक फक्त उजेडाचा आन् सॅच्युरेशनचा. म्हणजे सावळा चेहरा "दुरुस्त" कराचा नसतेच, मांडवाचा केशरीपणा काढून रेघेवर आणला की झालं. गोरं करता ते रंग सुधारणं नाही, चुना लावणं आहे.

थ्री फेज पीडित:
तुमचं रंगाचं चालू द्या, आमच्या इकडं लाइटच धड नाही. पोराच्या बारशात ट्यूबच्या उजेडात शूटिंग केलं, सगळ्या व्हिडिओवर काळे पट्टे वर-खाली. एवढे पैसे भरून मोबाइल घेतला तो कायले? व्होल्टेज तर असं की मोटर फक्त हुंकार देते, आन् बिल मात्र पूर्ण!

गावठी इंजिनिअर:
पट्टे व्होल्टेजचे नाही भाऊ. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्याच तालावर लुकलुकते, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० नाहीतर १/१०० सेकंदावर ठेवा. एडिटिंगमध्ये ते नीट जात नाही, शूटिंग करतानाच पाहा लागते.

थ्री फेज पीडित:
बरं. पण बिलाचं काय?

संत्रावाला:
बिलाचा धागा वेगळा काढा ना बाप्पा!

फोटोवाले भाऊ:
ठीक आहे, जिंकले तुम्ही विद्वान लोकं. यापुढं व्हाईट बॅलन्स आधी, आन् एका जागचे शॉट असले की तेच करेक्शन पुढच्यावर कॉपी, तेवढं जमते. लट काढणार नाही, निम्म्यावर आणतो. गोरं कराले कोनी सांगतलं तर त्याले या धाग्यावर पाठवतो, तुम्हीच समजावून सांगा अन् उरलेले पैसेही तुम्हीच वसूल करा.

वैदर्भी:
पाठवा, समजावते. माझा पेनड्राइव्ह आहे, त्यातून खरा रंग परत निघेल का?

संत्रावाला:
फेट्यात थोडाफार गुलाबी उरला असन तर निघते. चेहऱ्यावर जिथं पार पांढरं झालं तिथं आता काही नाही ताई, खाली आणलं तर नुसतं राखाडी येते. कॅमेऱ्यातल्या मूळ क्लिपा पायजे. तुमच्या फोटोवाल्याले विचारा, हार्ड डिस्क ठेवली का त्यानं.

फोटोवाले भाऊ:
कोनी ठेवत नाही. पुढच्या लग्नाले तेच कार्ड लागते.